कोरं कपाळ

गिरीश आला तेव्हा मी देवघरात वाती वळत बसले होते आणि माझं मौन सुटायला अवकाश होता.

"उठू नका काकू, बसा," म्हणत तो उंबऱ्याशीच चवड्यांवर बसला. चपला अंगणात काढून, पाय धुऊन आला होता. शेजारच्या घरातला मुलगा, आमच्याच अंगणात लहानाचा मोठा झालेला; देवघरापाशी कसं यायचं हे त्याला सांगावं लागत नसे. गळ्यातला पक्षाचा गमछा काढून त्यानं खिशात कोंबला. "दोनच मिनिटं. तुम्ही बोलू नका, नुसतं बघा."

आणि त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला.

माझ्या बोटांतली वात तशीच राहिली. भुसार चौकातला तो फोटो होता.

फोटोत माझी धाकटी जाऊ होती, वीणा. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळच्या गर्दीत कुणीतरी एका सायकलला डबा अडकवून गेलं होतं, तो फुटला. वीणा पोस्टातून सुटून लेकीसाठी शाळेचे बूट घ्यायला त्या चौकात थांबली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर ती होती. रस्त्यावर पडलेली, डोळे उघडे, डोकं कुणाच्या तरी मांडीवर. ती मांडी गिरीशची होती. हातगाडीवर घालून तिला दवाखान्यात त्यानंच नेलं होतं.

"माधवराव कळंब्यांच्या प्रचारात हा फोटो घ्यायचं चाललंय," तो हळू आवाजात सांगायला लागला. "लोक विसरले हो काकू. दोन वर्षांत एक माणूस कोर्टात उभा राहिला नाही. हा बघितला की पोटात कालवेल की नाही कुणाच्याही? साहेब म्हणाले, घरच्यांना विचारल्याशिवाय लावू नका. म्हणून आलो."

आंघोळ झाल्यापासून नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही. सासूबाईंनी जाताना त्यांचा हा नेम माझ्या ओटीत घातला. नुसतं तोंड बंद ठेवायचं असं त्यात नाही. मान हलवायची नाही, हाताची खूणही करायची नाही. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं. दूधवालासुद्धा त्या वेळात माझ्याशी बोलत नसे.

मी एवढंच केलं की त्याच्या हातातून मोबाईल घेतला आणि फरशीवर पालथा ठेवला.

गिरीश त्या पालथ्या मोबाईलकडे बघत राहिला. मग तो उचलला, देवाला हात जोडले आणि गेला.

आता माझं सोवळं गेलं होतं. मोबाईलला हात लागला होता. पुन्हा आंघोळ, पुन्हा पूजा पहिल्यापासून, पुन्हा स्वयंपाक. नैवेद्य दाखवून मी तोंड उघडलं तेव्हा ऊन अंगणातून ओसरीवर चढलं होतं. पहिला शब्द मी "अहो" असा उच्चारला आणि यांना सगळं सांगितलं. यांनी गिरीशला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बंद होता.

"लावू देत," हे म्हणाले.

"काय लावू देत?"

"अगं, दोन वर्षांत कोण आलं आपल्या दारात? कुणी विचारलं, टाकळीकर, तुमच्या घरातलं माणूस गेलं, त्याचं पुढं काय झालं? निदान मतांसाठी का होईना, कुणीतरी तिचं नाव काढतंय."

"आणि शरू?"

हे उठून ओसरीवर गेले.

शर्वरी म्हणजे वीणाची लेक, आमची शरू. गिरीश फोटो घेऊन आला तेव्हा तिसरीत होती. माझे दीर ती दोन वर्षांची असतानाच काविळीनं गेले, आणि मग ही अशी गेली. पोर मला मोठी आई म्हणायची. तिला आम्ही सांगितलं होतं की आई गर्दीत पडली, डोक्याला लागलं आणि दवाखान्यात झोपेतच देवाघरी गेली. त्या आठवड्याचे सगळे पेपर मी बंबात घातले होते. टीव्ही माळ्यावर टाकला होता. शाळेत जाऊन बाईंना हात जोडून विनवून आले होते. दोन वर्षं तो फोटो मी तिच्या डोळ्यांना शिवू दिला नव्हता. आईचा चेहरा तिच्या मनात हसराच राहावा, एवढंच मी देवाजवळ मागत होते.

त्या फोटोचा फ्लेक्स संध्याकाळी चौकात लागला.

मी बघायला गेले नाही. गल्लीतल्या बायकांनी येऊन सांगितलं. कुणी पदरानं डोळे पुसले, कुणी म्हणाली, "बघवत नाही हो, पण बरं केलं." मी मान खाली घालून ऐकत राहिले. डोक्यात एकच होतं, की सकाळी शाळेची रिक्षा त्याच चौकातून जाते.

दुसऱ्या दिवसापासून रिक्षा बंद केली. हे तिला मागच्या बोळानं सोडायला जायचे, दुपारी मी आणायला जायची.

"मोठी आई, आपण या घाणीतून का जातो?"

"चौकात खणलंय गं. पाइप टाकतायत."

"मग रिक्षावाले काका कसे जातात?"

"ते सवयीनं जातात."

शरूनं एक डबकं उडी मारून ओलांडलं. मग म्हणाली, "खोटं बोललं की तुझं व्रत मोडत नाही का?"

"दुपारी नाही मोडत," मी म्हणाले, आणि तिला हसू आलं. मलाही आलं. बोळ संपला की हमरस्ता लागायचा, तिथं मी तिला माझ्या डाव्या अंगाला घ्यायची, पदर असा पुढं धरायची की तिला पलीकडचं दिसू नये. रस्त्यात प्रचाराची जीप थांबलेली दिसली की तिला घेऊन मागं वळायची. भोंगा कुठून वाजतोय याकडे सारखा कान. रोज संध्याकाळी पोथी वाचताना तीच ओळ दोनदा वाचली जायची.

एवढं सगळं करून व्हायचं ते आमच्या दारातच झालं.

आम्ही शाळेतून परतत होतो. गल्लीत वळलो आणि समोरून प्रचाराची रिक्षा आली. अरुंद गल्ली, मागं म्हशी, पुढं कुणाचा टेम्पो. रिक्षा आमच्या पायरीशीच अडकून उभी राहिली. तिच्या मागच्या बाजूला, माणसाच्या उंचीचा, तो फोटो होता. भोंग्यातून कुणीतरी ओरडत होतं, "ह्या कुंकवाची शपथ आहे तुम्हाला."

मी पदर पुढं केला, पण उशीर झाला होता. शरूनं बघितलं होतं.

तिनं आधी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत फोटोकडे. दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आता ही किंचाळेल, आता खाली बसेल, काय करू, कशी उचलू.

"मोठी आई," ती म्हणाली, "या काकूंना कुणी मारलं?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय ते. मग मी मान वर करून त्या चित्राकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू. हातात हिरवा चुडा, कोपरापर्यंत. पोस्टात जाताना नेसलेली राखी साडी होती, तिला हिरवा रंग आणि जरीचा काठ. गळ्यात मंगळसूत्र. मांडीवरचं डोकं होतं, मांडी नव्हती. तिथं ज्वाळा काढल्या होत्या. चेहरासुद्धा घासूनपुसून गोरा केला होता.

वीणानं कपाळाला काही लावणं दीर गेले त्याच दिवशी सोडलं होतं. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. उलट मीच मागं लागायची. हळदीकुंकवाला बायका माझ्याकडे बघायच्या, तरी मी करंडा तिच्यापुढं धरायची. "लाव गं. टिकली तरी लाव, लेकीसाठी." ती हसून करंडा बाजूला सारायची. म्हणायची, "ताई, राहू दे. मला आता हेच आवडतं." हातात बांगडी नव्हती, डाव्या मनगटाला दिरांचं घड्याळ बांधायची, पट्टा ढिला, कामाच्या घाईत खाली घसरणारं.

आणि शरूचा एक खेळ होता. वीणा पोस्टात टपालावर ठप्पे मारायच्या कामाला होती. घरी आली की ही तिच्या मांडीवर चढायची, नाक तिच्या कोऱ्या कपाळावर दाबायची आणि म्हणायची, "ठप्पा मारला. आता हरवलीस तरी पत्त्यावर येशील." एकदा मी म्हटलं, मलाही मार की. तर म्हणाली, "तुझ्यावर आधीच मारलेला आहे लाल." वीणा गेल्यापासून तिनं तो खेळ कुणाशी खेळला नव्हता.

रिक्षा मागं सरकली, म्हशी गेल्या, भोंगा लांब गेला. मी शरूला घरात आणलं.

"ओळखलं नाही तिनं," मी यांना स्वयंपाकघरात सांगितलं. "त्यांनी कुंकू रंगवलंय. बांगड्या घातल्यात. पोरीनं आईला ओळखलं नाही."

यांनी दार लोटून घेतलं. "मग देवानंच केलं म्हण. आता तू गप्प बस. तू चूक काढायला गेलीस तर ती कोण, हे सांगावं लागेल."

खरंच होतं ते. फोटो खोटा होता म्हणून पोर वाचली होती. तो खोटा आहे हे सांगायला तोंड उघडलं की पोरीला कळणार. वीणाला त्यांनी असं रंगवून गावभर फिरवायचं, आणि मी तिची मोठी जाऊ, मी ते बघत गप्प राहायचं. त्या संध्याकाळी देवापुढं बसले, पण काय मागावं ते सुचेना. शरू जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

एक दिवस असा गेला, आणि दिवेलागणीला गिरीश आला. या वेळी ओसरीवरच बसला.

"उद्या सकाळी साहेब येतायत घरी," तो म्हणाला. "वीणावहिनींच्या फोटोला हार घालतील. दोन-तीन पत्रकार असतील. आणि... शरूनं त्यांना ओवाळावं असं म्हणतायत."

"गिरीश," मी म्हणाले, "मी तुला हो म्हटलं होतं का?"

"नाही."

"मग लावलास कसा?"

"मी वर सांगितलं, काकूंची हरकत दिसली नाही."

"तुला माझी वेळ माहीत होती."

तो गमछ्याचं टोक पिळत बसला. "माहीत होती," म्हणाला.

हे आतून आले आणि खांबाशी उभे राहिले.

"काकू, मी काय वाईटासाठी केलं का?" गिरीश बोलायला लागला. "अजून डोळे मिटले की तो चौक दिसतो मला. मांडीवर तिचं डोकं होतं, ते जड होत गेलं. मी कुणाकुणाला सांगितलं ते. कुणी ऐकायला थांबलं नाही. माधवराव थांबले. पहिला माणूस. मला वाटलं, आता तरी काही होईल."

"आणि कुंकू कुणी घातलं?"

"तो फ्लेक्सवाला. म्हणाला, कुंकवाशिवाय चित्र बोलत नाही." "मलाही कापलं त्यातून. कार्यकर्ता दिसला तर लोकांना नाटक वाटेल म्हणे."

"उद्या येऊ नका म्हणावं त्यांना."

"ते आता माझ्या हातात नाही काकू."

"किती वाजता येणार?"

त्यानं वेळ सांगितली. मी यांच्याकडे बघितलं. माझ्या मौनातली वेळ होती.

मी ठरवलं होतं की सकाळी शरूला लवकर उठवून बहिणीकडे पाठवायचं. पण ते सांगितलेल्या वेळेच्या आधीच आले. गल्लीत दोन गाड्या, ओसरीवर चपलांचा ढीग. माधवराव कळंबे पांढऱ्या कपड्यांत, मऊ बोलणारे. यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "टाकळीकर, हे दुःख तुमचं एकट्याचं नाही." त्यांच्या मागून दोघांनी एक तसबीर आणली. फ्लेक्सवरचंच चित्र, सोनेरी चौकटीत. ती त्यांनी माझ्या देवघराच्या उंबऱ्यात, नैवेद्याच्या पाटावर टेकवली.

मी सोवळ्यात उभी. ओले केस, हातात निरांजन. कॅमेरेवाले चपला काढून आत आले एवढं त्यांचं चांगलं.

"वहिनी, तुमच्या हातून कुंकू लावा तिला," माधवराव म्हणाले. "मग मी हार घालतो."

मी हलले नाही. गिरीश दारात उभा होता, तो म्हणाला, "साहेब, काकूंचं मौन असतं या वेळी."

"अरे वा. काही हरकत नाही. वहिनींनी बोलायलाच हवं असं कुठं आहे?" ते वळले. "मुलगी कुठाय?"

शरू आतल्या दारात आली होती. शाळेचा फ्रॉक घातलेला, एकच वेणी झालेली, दुसऱ्या बाजूचे केस मोकळे. सगळे कॅमेरे तिच्याकडे वळले. माधवराव गुडघ्यावर बसले, अगदी मायेनं तिला जवळ बोलावलं आणि तसबिरीकडे बोट केलं.

"ये बाळ. सांग बरं सगळ्यांना, ही कोण?"

शरूनं तसबिरीकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती.

सासूबाई गेल्यापासून तो नेम मी एकदाही मोडला नव्हता. वीणाला घरातून नेलं त्या सकाळीसुद्धा नाही.

"आम्हाला नाही माहीत ही कोण," मी म्हणाले.

माझाच आवाज मला परका वाटला. माधवराव वळले. "काय म्हणालात वहिनी?"

"आमच्या घरातली नाही ही. आमची वीणा कुंकू लावत नव्हती. हातात बांगड्या घालत नव्हती, घड्याळ बांधायची. ही दुसऱ्या कुणाची तरी असेल. तिच्या घरी जाऊन विचारा."

निरांजनातली वात तडतडली. पत्रकारांतला एक जण म्हणाला, "साहेब, मग फ्लेक्सवर कोण आहे?"

माधवराव उठले. चेहऱ्यावरची मऊ रेघ हलली नव्हती, फक्त डोळे दाराकडे गेले. "गिरीश? तू तर तिथं होतास."

गिरीशनं तसबिरीकडे बघितलं. गमछा त्यानं गळ्यातून काढला. देवघरापाशी येताना काढायचा तसाच.

"काकू म्हणतात ते बरोबर आहे," तो म्हणाला. "ही ती नव्हे."

"नीट आठवून बोल."

"होतो म्हणूनच सांगतो साहेब. माझ्या मांडीवर जी होती, ती ही नव्हे."

पुढं फार काही झालं नाही. माधवरावांनी हात जोडले, काहीतरी गैरसमज झालेला दिसतो म्हणाले. तसबीर ज्यांनी आणली त्यांनीच उचलली. गाड्या गेल्या. संध्याकाळपर्यंत शहरातले ते सगळे फ्लेक्स उतरले आणि त्यांच्या जागी हात जोडलेले माधवराव स्वतः आले. ते निवडून आले की पडले, यात मला सांगण्यासारखं काही नाही. गिरीश पुन्हा त्या कचेरीत गेला नाही एवढं ठाऊक आहे.

लोक गेल्यावर मी देवघराच्या उंबऱ्यावर बसले. पाट ओलांडला गेला होता, सोवळं गेलं होतं, मौन गेलं होतं. पूजा तशीच पडली होती. माझ्या मनात एकच घोळत होतं. देवासमोर, चार माणसांसमोर मी म्हणाले होते, ही आमची नाही. दोन वर्षांनी वीणा घरात आली आणि मी तिला दारातून परत पाठवली.

शरू जवळ आली. अर्धी वेणी तशीच.

"मोठी आई, तुझं मौन मोडलं."

"मोडलं."

"माझ्यामुळं?"

"नाही गं. चल, वेणी घालू दे, उशीर होईल."

ती बसली नाही. माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या कपाळाकडे बघत राहिली. मग फ्रॉकचं टोक जिभेनं ओलं केलं आणि माझं कुंकू पुसायला लागली.

ओसरीवरून हे बघत होते. नवरा समोर जिवंत बसलेला असताना असं कपाळ पुसू देणारी बाई आमच्या घराण्यात झाली नसेल. मी हात वर केला नाही. मेणावर बसवलेलं कुंकू, सहज निघेना. ती घासत राहिली, नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून, पाटी पुसावी तशी. पुसून झाल्यावर एकदा मागं सरून बघितलं.

मग पुढं आली आणि तिनं तिचं नाक माझ्या कपाळावर दाबलं. कितीतरी वेळ तसंच ठेवलं.